पांढऱ्याशुभ्र साबुदाण्याचा हट्ट

आषाढी जवळ आली की साबुदाणा असा बनतो म्हणून सांगणारा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतो: खड्ड्यात सडणारे कंद, ते पायांनी तुडवणारी माणसं, वळवळणाऱ्या अळ्या. तो पाहून खिचडी सोडणाऱ्यांची काळजी भलत्याच ठिकाणी खर्च होते.

तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याचे, म्हणजे तिथल्या मरवळ्ळीचे, कंद गाड्या भरभरून कारखान्यांत येतात. साल काढून, धुऊन ते यंत्रात किसतात. लगदा गाळून निघालेलं दुधाळ पाणी हौदात स्थिर ठेवलं की स्टार्च तळाशी बसतो. ओल्या स्टार्चचा भुगा करून तो हलवत राहिलं की त्याचे दाणे वळतात. ते चाळायचे, तापल्या पत्र्यावर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. यात अळ्यांचं काहीच काम नाही.

खरी मेख रंगात आहे. साल नीट न काढता कंद दळले तर स्टार्च मळकट निघतो. साल काढायला माणसं लागतात, मजुरी लागते. ती वाचवून मळकटपणा रसायनांनी घालवण्याचे प्रकार सेलममध्ये झाले आहेत आणि अन्नसुरक्षा खात्याने त्यावर कारवाईही केली आहे. मात्र दोष एकट्या कारखानदाराचा नाही. महाराष्ट्र हे सेलमचं मोठं गिऱ्हाईक आणि आपल्याला दाणा हवा लख्ख पांढरा. जरा पिवळसर दिसला की ‘जुना माल दिसतोय’ म्हणून आपण तो परत करतो. वाण्याकडे निदान एकदा तरी कमी पांढरा साबुदाणा मागून पाहा. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय तो दुकानात येणार नाही.

मुळात साबुदाणा मलायाकडच्या सागो ताडाच्या गाभ्यापासून होत असे. कसाव्यापासून तो करायला सेलममध्ये १९४३च्या सुमारास, महायुद्धाच्या काळात सुरुवात झाली. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कंद मात्र आपल्या स्वयंपाकघरात आलाच नाही, याची मला खंत वाटते. दक्षिण अमेरिकेतलं हे पीक पोर्तुगीजांबरोबर भारतात आलं. १८८०च्या दशकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला जोर दिला. पुढे महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा याच कंदाने, म्हणजे तिथल्या ‘कप्पा’ने, केरळला जगवलं. आजही तिथे कप्पाचे तुकडे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकतात. कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून तो कच्चा कधीच खात नाहीत. मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, जिरं आणि हळद यांचं भरड वाटण घालून तो घोटतात. सोबत कुडमपुळी घातलेलं लालभडक माशाचं कालवण. कुडमपुळी आपल्या कोकमाच्याच कुळातली, त्यामुळे कोकणी जिभेला ही चव परकी वाटणार नाही. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी दुकानांत कप्पा मिळतो. ताजा, आतून पांढरा आणि काळ्या रेषा नसलेला बघून घ्यावा.