अरण्यातील वेदी

अमेरिकेचा इतिहास शिकविताना पश्चिम सीमेचा उल्लेख झाला, की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर कुऱ्हाडी, बंदुका आणि ओंडक्यांची घरे उभी राहतात. त्याच रानात मूठभर कॅथलिक धर्मगुरूंना एक निराळाच प्रश्न सतावीत होता. जेथे धड छप्पर नाही, तेथे शतकानुशतकांचा रोमन विधी किती पाळावा?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु कॅथलिक उपासनेत वस्त्र हे नुसते वस्त्र नव्हे. मिस्सेच्या वेळी धर्मगुरू जो झगा घालतो, त्याचा पांढरा, तांबडा, हिरवा, जांभळा वा काळा रंग त्या दिवसाचा अर्थ सांगतो. त्यात मंत्र लॅटिन; आणि समोर बसलेले शेतकरी त्या भाषेस सर्वस्वी पारखे.

बाल्टिमोरचे जॉन कॅरल यांनी ही अडचण ओळखली होती. उपासना लोकभाषेत व्हावी, अशी बाजू त्यांनी 1787 साली एका पत्रात मांडली. 1789 साली ते देशाचे पहिले बिशप झाले. 1791 च्या नोव्हेंबरात त्यांनी 22 धर्मगुरूंची सभा भरविली. देणगीचे तीन वाटे करावेत, असे तेथे ठरले : एक धर्मगुरूच्या निर्वाहास, एक गरिबांस आणि एक उपासनेचे साहित्य व इमारत यांसाठी. वेदीचा वाटा गरिबांच्या वाट्याशेजारी ठेवणारा हा हिशेब आम्हांस फार बोलका वाटतो.

स्टीफन बादँ यांना 1793 साली दीक्षा मिळाली. अमेरिकेच्या भूमीवर दीक्षित झालेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. त्याच वर्षी ते केंटकीस गेले आणि घोड्यावरून तो विस्तीर्ण मुलूख पालथा घालू लागले. 1811 च्या जूनमध्ये बार्डस्टाऊनचे पहिले बिशप बेनेडिक्ट फ्लाजे तेथे आले, तेव्हा त्यांच्या वाट्यास ओंडक्यांची एक खोली आली. परंतु स्वागताचा विधी कोणी टाळला नाही. त्यांनी झाडांच्या सावलीत विधिवस्त्रे परिधान केली आणि मिरवणूक चॅपेलात गेली.

भाषेचा निकाल आदल्याच वर्षी बाल्टिमोरच्या बैठकीत लागला होता. संस्कारांचे मूळ शब्द लॅटिनच राहावेत. मागच्यापुढच्या प्रार्थना लोकभाषेत चालतील. बैठकीच्या अग्रस्थानी होते स्वतः कॅरल! यात माघार दिसेल; आम्हांस काळजीही दिसते. नाना देशांतून आलेल्या, विखुरलेल्या अल्पसंख्यांनी सोयीनुसार विधी बदलले असते, तर त्यांना बांधणारे काय उरले असते? उलट शब्दच कळेनासे झाले, तर पुढच्या पिढीच्या हाती काय लागणार? परमुलखात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आमच्या वाचकांस दोन्ही बाजू सहज उमजतील.

1833 साली सेंट लुईसचे बिशप जोसेफ रोझाटी यांनी सिद्ध केलेला विधिग्रंथ बाल्टिमोरला छापला गेला आणि अरण्यातील वेदीला लेखी शिस्त लाभली. लोकभाषेस व्हॅटिकन परिषदेची मुभा मिळाली ती 1963 साली. तोवर कॅरल यांच्या त्या पत्रास 176 वर्षे झाली होती.