नाण्यावरील रंगछटा की टांकसाळीतील दोष? फरक ओळखण्याच्या सोप्या कसोट्या

जबलपूर : डब्यात वर्षानुवर्षे राहिलेले पाच रुपयांचे पिवळे नाणे तपकिरी पडले किंवा एखाद्या रुपयावर निळसर झाक आली, की ते ‘चुकीने पाडलेले दुर्मिळ नाणे’ असल्याचा समज सहज होतो. वस्तुतः असा रंगबदल बहुधा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर घडतो. टांकसाळीतील दोष मात्र धातूची चकती तयार होताना किंवा तिच्यावर ठसा उमटतानाच निर्माण होतो.

नाणेशास्त्राच्या दृष्टीने जबलपूरचा परिसर महत्त्वाचा आहे. शहरालगतचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी १९५२ मध्ये येथे उत्खनन केले होते. अकराव्या शतकातील कलचुरी राजा गांगेयदेव याची लक्ष्मीची प्रतिमा असलेली सुवर्णनाणी प्रसिद्ध आहेत. हाताने ठोकून पाडलेल्या अशा प्राचीन नाण्यांवर ठसा एका बाजूला सरकणे नित्याचे होते. आधुनिक यंत्रात चकती कड्यात बसवून दाबली जात असल्याने आज सरकलेला ठसा हा दोष ठरतो.

रंगछटेचे कारण रासायनिक आहे. हवेतील ओलावा आणि गंधकयुक्त वायू यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर साचतो. थराच्या जाडीनुसार पिवळा, तांबूस वा निळा रंग दिसतो. २००९ पासूनच्या पाच रुपयांच्या नाण्यातील निकेल-पितळेत सुमारे ७५ टक्के तांबे असल्याने ते लवकर काळवंडते. नैसर्गिक छटा साधारणतः कडेकडून आत हळूहळू फिकट होत जाते. तिची सीमा एकदम तुटत नाही. स्टेनलेस स्टीलचे नाणे सहसा रंग बदलत नाही. त्यावर पिवळे-निळे पट्टे असल्यास ते तापवले गेल्याची शक्यता अधिक असते.

खरा दोष रंगात नव्हे, तर धातूच्या घडणीत दिसतो. साच्याला तडा गेला असेल, तर नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. ओरखडा मात्र खोलगट असतो. चकतीचा तुकडा मुळातच कापला गेला असेल, तर बहुधा त्याच्या बरोबर समोरची कडही अस्पष्ट राहते. नंतर कानशीने घासलेल्या नाण्यात असे होत नाही. भारतीय नाणे वरची बाजू वरच ठेवून आडवे फिरवल्यास मागील चित्र सरळ दिसले पाहिजे. ते ठळकपणे तिरपे असेल, तर साचा फिरल्याचा संशय घ्यावा.

नाणे वेगळ्या धातूचे वाटल्यास वजन निर्णायक ठरते. १९९२ पासूनच्या स्टीलच्या रुपयाचे प्रमाणित वजन ४.८५ ग्रॅम होते; २०११ च्या मालिकेत ते ३.७९ ग्रॅम झाले. त्यामुळे नाणे लहान किंवा हलके असणे हाच दोष मानता येत नाही, आधी वर्ष पाहावे लागते. हा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. तांबे-निकेलचा जुना रुपया चिकटत नाही. स्टीलच्या रुपयाला तांब्याचा मुलामा दिला असेल, तर चुंबक ती बनवेगिरी उघड करते.

टांकसाळीच्या खुणेविषयीही गैरसमज आढळतो. वर्षाखाली मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, तर नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. म्हणून ‘खूण राहून गेली’ हा दावा टिकत नाही.

या समजांचा गैरफायदा घेणारेही आहेत. जुनी नाणी व नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क, कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे तिने स्पष्ट केले होते.

संशयास्पद नाणे चिंच, लिंबू किंवा पावडरीने घासणे टाळावे. घासण्याने थराबरोबर मूळ पृष्ठभागही झिजतो, तपासणीचा पुरावा नष्ट होतो आणि खरोखर दोषयुक्त असलेल्या नाण्याचेही मोल घटते. नाणे कडेने धरून भिंगाखाली पाहावे, वजन करावे, त्याच वर्षाच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहावे आणि मगच जाणकाराचे मत घ्यावे.