विंधन विहिरीचे पाणी : आधी तपासणी, मग शुद्धीकरण

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना पहाटेची पाण्याची रांग आठवत असेल. हातपंपाचा दांडा ओढून भरलेली बादली, काही केल्या न फेसाळणारा साबण आणि भातडाळीच्या पातेल्यांना चिकटलेला पांढरा थर, हे सारे त्या दिवसांचा भाग होते. ते पाणी काचेसारखे नितळ होते, म्हणून ते चांगलेच असणार असे आम्ही सर्वजण मानत होतो. एका पावसाळ्यात वसतिगृहातील बरीच मुले जुलाबाने आजारी पडली आणि तेव्हा प्रथमच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला. पाणी त्या दिवशीही नितळच होते; पण शौचालयाच्या शोषखड्ड्यातून झिरपलेले पाणी विंधन विहिरीपर्यंत पोहोचले होते. मुले बरी झाली, परंतु तो धडा आम्ही विसरलो नाही. आज आपल्यापैकी अनेकांनी घरे बांधली आहेत आणि अंगणात बोअर घेतली आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो धडा सविस्तर मांडत आहोत.

‘शुद्ध पाणी’ या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा सांगण्याची गरज नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळणे म्हणजे शुद्धी, आणि माणसाचा स्पर्श म्हणजे विटाळ, अशी ती समजूत होती. समजुतीने ठरवलेली शुद्धता किती खोटी असू शकते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. पाण्याची शुद्धता मोजून, तपासूनच ठरवावी लागते.

पाणी बिघडते कसे?

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तेथील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. यालाच आपण ‘जड पाणी’ म्हणतो. पाणी खडकाच्या सहवासात जितका काळ राहते, तितके क्षार सामान्यतः वाढतात. म्हणूनच खोल गेलो की पाणी आपोआप चांगले लागते, ही समजूत खरी नाही.

प्रदेशानुसार दोषही बदलतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील भूजल मुळातच खारट आहे. रासायनिक खते, उकिरडे आणि शोषखड्डे यांमुळे पाण्यात नायट्रेट उतरते. काही ठिकाणी पाणी उपसताना स्वच्छ दिसते, पण तासाभरात तांबूस होते. ते लोहाचे लक्षण होय.

यावरून दोषांचे दोन गट ध्यानात घ्यावेत. एक, रोगजंतू, दुसरा, विरघळलेले पदार्थ. जंतूंवर उकळणे आणि क्लोरीन हे उपाय चालतात. फ्लोराइड, नायट्रेट व क्षारांपुढे ते निरुपयोगी ठरतात. उलट पाणी फार वेळ उकळले तर वाफ निघून जाते आणि फ्लोराइड व नायट्रेट यांचे प्रमाण वाढते.

तपासणी

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तसेच सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. अनेक ग्रामपंचायतींकडे तपासणीचा संच असतो. नमुना घेण्यापूर्वी पंप काही मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे नळीतील साचलेले पाणी निघून जाते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, तिच्या तोंडाला हात लावू नये आणि ती थंड ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावी. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर करावी.

अहवाल हाती आल्यावर तो वाचता आला पाहिजे. भारतीय मानक 10500 नुसार विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, दर लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. काठिण्याची हीच मर्यादा 200 आणि 600, तर फ्लोराइडची 1 आणि 1.5 मिलिग्रॅम आहे. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. त्यात सवलत नाही. ई-कोलाय हा जंतू 100 मिलिलिटर पाण्यात मुळीच आढळता कामा नये.

दोष तसा उपाय

*रोगजंतू.* पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून थंड करावे. टाकीसाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्या बोलण्यातील टीसीएल, सोयीची असते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. 1000 लिटर पाण्यासाठी अशी 5 ग्रॅम पावडर पुरते. ती थेट टाकीत टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग आणखी पाणी घालून ढवळावे, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतावी. अर्ध्या तासाने ओटी चाचणी करावी. पाण्याला पिवळसर छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर मात्रा अपुरी आहे. पावडर उघडी राहिली की तिचा जोर ओसरतो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

*लोह.* भूगर्भात प्राणवायू नसल्याने लोह विरघळलेले असते. हवा लागताच ते गंजासारखे होऊन खाली बसते. म्हणून पाणी झारीसारख्या छिद्रांतून टाकीत पडू द्यावे, रात्रभर निवू द्यावे आणि मग वाळूच्या गाळणीतून घ्यावे.

*जडपणा.* जड पाण्याने डाळ शिजत नाही, साबण वाया जातो, गिझरच्या कॉइलवर थर चढतो. आरोग्याला त्याचा धोका मात्र तुलनेने कमी. मिठावर चालणारे सॉफ्टनर यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून सोडियम सोडते. ते धुण्या-आंघोळीच्या पाण्याला पुरेसे आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पाणी पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

*फ्लोराइड.* हा दोष मुलांचा शत्रू आहे. कायमचे दात घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेले की दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. बरीच वर्षे असे पाणी प्यायल्यास हाडे व सांधे आखडतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा’ पद्धत विकसित केली. तिची मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते. घरी तुरटीचा खडा फिरवल्याने गढूळपणा बसतो, फ्लोराइड जात नाही. सक्रिय अॅल्युमिनाची गाळणी किंवा आरओ हेही उपाय आहेत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी निर्दोष स्रोत वेगळा ठेवणे किंवा छतावरील पावसाचे पाणी साठवणे.

*नायट्रेट.* सहा महिन्यांखालील बाळांना याचा सर्वाधिक धोका असतो; रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून बाळ निळसर पडू शकते. असे पाणी बाळाच्या दुधाच्या पावडरीत कधीही वापरू नये.

यंत्र घेण्यापूर्वी

आमच्या अनेक पालकांनी कर्ज काढून आरओ यंत्रे घेतली. दारी आलेला विक्रेता दोन ग्लासांत लोखंडी पट्ट्या बुडवून वीज सोडतो. बोअरच्या पाण्यात तांबडा-काळपट गाळ दिसतो, यंत्राचे पाणी तसेच राहते. घरातील बाई घाबरते आणि सही होते. वस्तुतः तो गाळ बहुतांशी त्या पट्ट्यांच्याच लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून पट्टी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प, म्हणून ती झिजत नाही. या प्रयोगाने पाण्यातील विषही कळत नाही आणि जंतूही कळत नाहीत. टीडीएस मीटरही जंतू दाखवत नाही.

क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तर आरओ उपयोगी आहे. क्षार 500 च्या आत असून दोष केवळ जंतूंचा असेल, तर उकळणे, क्लोरीन किंवा यूव्ही यंत्र पुरते. घरगुती आरओ शुद्ध पाण्याच्या दुपटी-तिपटीने पाणी बाहेर टाकतो, हेही टंचाईच्या गावांत लक्षात ठेवावे. ते पाणी फरशी व शौचालय धुण्यास वापरावे.

बोअरची आणि घागरीची निगा

बोअरच्या तोंडाशी केसिंग पाइप जमिनीच्या वर असावा, त्याला झाकण असावे, भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली असावी. शोषखड्डा किमान 15 मीटर लांब असावा. भेगाळ कातळात पाणी दूरवर वाहते, म्हणून शक्य तेथे त्याहून अधिक अंतर राखावे. पंप काढून दुरुस्त केल्यावर बोअरमध्ये क्लोरीनचे द्रावण सोडावे, काही तास थांबावे आणि वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे.

इतके सारे करूनही घागरीत हात बुडाला तर श्रम वाया जातात. पाणी झाकून ठेवावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे आणि भांडे रोज घासावे.

आपल्या वसतिगृहात आता जुन्या शोषखड्ड्याची जागा बदलली आहे, आणि पावसाळ्यापूर्वी पाण्याचा नमुना पाठवताना वरच्या वर्गातील मुले सोबत असतात. अहवाल वाचण्याचे काम त्यांच्याकडेच दिले आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे की, या वर्षी आपल्या घरच्या, गावातल्या आणि विहारातल्या बोअरचा एक नमुना अवश्य तपासून घ्यावा, आणि अहवाल शेजाऱ्यांनाही वाचून दाखवावा. शेजारच्या बोअरचे पाणीही बहुधा त्याच भेगांतून येत असते.