ओढ्यातले मासे का मेले?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, ओढ्याला मासे उलटे पडलेत. पोरानं बादलीभर आणलेत. खाल्ले तर चालतील का?" मी म्हटले, "मुळीच नाही. आधी ते कशाने मेले ते पाहू."

मासे एकदम मरतात ते बहुधा दोन कारणांनी: गुदमरून किंवा विषबाधेने.

मळी, सांडपाणी किंवा शेण पाण्यात गेले की ते कुजवणारे जंतू पाण्यातील प्राणवायू संपवतात. माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यामुळे मासे पहाटे वर येऊन आ वासतात आणि मोठे मासे आधी मरतात. पाण्याला घाण वास येतो. गाळात लाल अळ्या मात्र तग धरून असतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असते.

विषबाधेत वेळकाळ नसतो. मासे वेडेवाकडे पोहतात, झटके देतात. लहान मासे बहुधा आधी मरतात. अशा वेळी ओढ्यातला दगड उलटून पाहावा. निरोगी ओढ्यात त्याला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले असतात. मासे जिवंत, पण हे किडे नाहीसे झाले असतील तर कीटकनाशकाची शंका घ्यावी. मग ओढ्याने वरच्या अंगाला चालत जावे. किडे जिथे पुन्हा दिसू लागतात, त्याच्या थोडे खाली कारण सापडण्याचा संभव असतो.

आजोबांनी तसेच केले. किडे दिसले त्या जागेच्या खालीच फवारणीचे पंप धुण्याची जागा होती!

वाचकहो, यात आपलाही संबंध आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे मासे, किडे आणि माणूस या तिघांतही कोलिनेस्टरेज हे एकच द्रव्य निकामी करतात. माणसाला घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

म्हणून मेलेले मासे खाऊ नयेत. शिजवून विष जाईलच असे नाही. पाणी उकळूनही पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये. वाहते पाणी विष लवकर पुढे नेते, तेव्हा स्वच्छ काचेची बाटली त्याच दिवशी काठोकाठ भरून बर्फात ठेवावी. वेळ व जागा लिहून ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.

आणि फवारणीचा पंप ओढ्यात कधीही धुऊ नये.