लेप माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे येतात?

कोकणातल्या मासळी बाजारात लेप लगेच ओळखू येतो. अंग पानासारखं चपटं, एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरट. पण रव्यात घोळून तव्यावर टाकण्याआधी त्याच्याकडे नीट पाहिलंय का? त्याचे दोन्ही डोळे तपकिरी बाजूलाच असतात. पांढऱ्या बाजूला एकही नाही.

महाराष्ट्रात या माशाला लेप किंवा लेपा म्हणतात, गोव्यात लेपो. आपल्याकडे मिळणारे बरेचसे लेप 'सायनोग्लॉसस' या गटातले असतात. या ग्रीक नावाचा अर्थ आहे कुत्र्याची जीभ. आकार पाहिला की नाव पटतं.

लेप जन्मतःच असा असतो?

नाही. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू इतर माशांसारखंच असतं. ते सरळ उभं पोहतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. काही आठवड्यांत थायरॉइड हार्मोनमुळे शरीरात मोठे बदल सुरू होतात. कवटीचा आकार बदलतो आणि उजवा डोळा सरकत सरकत डावीकडे येतो. मग मासा उजव्या कुशीवर आडवा होऊन समुद्राच्या तळाशी राहू लागतो.

म्हणजे आपण जिला लेपाची पाठ समजतो, ती खरं तर त्याची डावी बाजू असते.

याचा फायदा काय?

लेप वाळूत किंवा चिखलात अंग पुरून घेतो. वर दिसतात ते फक्त डोळे. तपकिरी रंग तळाशी मिसळून जातो, त्यामुळे शिकारी माशांपासून बचाव होतो. तळातले किडे आणि छोटे कवचधारी जीव हे त्याचं खाणं.

डार्विनसमोरचा पेच

१८७१ मध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट या ब्रिटिश अभ्यासकाने चपट्या माशांच्या डोळ्यांवरून चार्ल्स डार्विनच्या सिद्धांतावर बोट ठेवलं. डोळा अर्ध्या वाटेवर असताना माशाला त्याचा काय उपयोग? मग उत्क्रांती टप्प्याटप्प्याने कशी झाली? डार्विनने १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण पुरावा म्हणून दाखवायला मधल्या टप्प्यातला मासा नव्हता.

तो २००८ मध्ये सापडला, तोही संग्रहालयात. मॅट फ्रीडमन या संशोधकाने सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले. त्यातल्या पूर्ण वाढलेल्या माशांचा एक डोळा वर सरकलेला होता, पण पलीकडे गेलेला नव्हता. यातल्या एका प्रकारचे जीवाश्म शतकाहून जास्त काळ संग्रहालयांत होते. हा फरक कुणी ओळखला नव्हता, इतकंच.

आता धोका कशाचा?

तळाशी दडून राहणं शिकाऱ्यांपुढे चालतं, ट्रॉलरपुढे नाही. ट्रॉलचं जाळं तळावरूनच ओढलं जातं. जाळ्याची आस बारीक असेल, तर वाढ न झालेले लेपही त्यात येतात. हे मासे अंडी घालण्याआधीच पकडले गेले, तर पुढची पिढी घटते.

म्हणून आसाचा आकार आणि पावसाळ्यातली मासेमारीबंदी महत्त्वाची ठरते. ग्राहकांच्या हातातही एक गोष्ट आहे. बोटभर लांबीचे लेप स्वस्त मिळाले, तरी ते न घेणं.