घमेल्यातला वड

मुलांनो, वडाचं झाड डोळ्यांपुढे आणा बरं! काय दिसतं? गावाबाहेरचा मोठा पार, गार सावली, खाली रवंथ करत बसलेली गुरं आणि पारंब्यांना लोंबकळणारी तुमच्यासारखीच पोरं. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात तर अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. त्याचं मूळ खोड बुरशीने कुजलं, म्हणून १९२५ साली काढून टाकावं लागलं. तरी ते झाड आपल्या हजारो पारंब्यांच्या आधाराने आजही उभं आहे. लांबून बघणाऱ्याला ते एक झाड वाटतच नाही, जंगल वाटतं.

आता असाच वड, पण तुमच्या दोन वितींएवढा! खोड जाडजूड, फांद्या पसरलेल्या, एखादी पारंबीसुद्धा. आणि हे सगळं एका पसरट कुंडीत. यालाच म्हणतात बोन्साय. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. कला मूळची चीनमधली, पण जपानी लोकांनी ती जिवापाड जपली आणि जगभर नेली. आपल्या महाराष्ट्रातही बोन्साय करणारे पुष्कळ आहेत. पुण्यात २०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय झाडं एकत्र मांडली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

बुटकं, पण बुटक्या जातीचं नाही

पुष्कळांना वाटतं, की बोन्सायचं बी वेगळं असतं. तसं मुळीच नाही. बी तेच, रोप तेच. कुंडीतला वड काढून जमिनीत लावला, तर काही वर्षांत तो चांगला मोठा वृक्ष होईल. त्याला लहान ठेवते ती आपली कात्री आणि त्याची कुंडी.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. शास्त्रज्ञ या घराण्याला 'फायकस' म्हणतात. ओळखायची खूण सोपी. पान तोडलं की पांढरा चीक येतो. ही उष्ण प्रदेशातली झाडं भराभर वाढतात. थंड देशातल्या पाइनची एखादी फांदी वळणावर आणायला जितका काळ लागतो, तितक्यात आपला वड दोन-तीनदा छाटून होतो. म्हणून नवशिक्यांसाठी ही झाडं उत्तम. नांदरुकाची पानं मुळातच लहान, त्यामुळे तो सगळ्यात सोपा. उंबराची आणि पिंपळाची पानं मोठी, त्यांना लहान करायला जास्त चिकाटी लागते.

रोप कुठून आणायचं?

सातपुड्यातून उपटून? अजिबात नाही! जंगलातलं झाड जंगलातच शोभतं. तुम्ही फक्त आजूबाजूच्या भिंती बघा. पक्षी वडाची, पिंपळाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया भिंतीच्या फटीत, गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ पडतात. पावसाळ्यात तिथे इवलंसं रोप उगवतं. मोठं झालं, की त्याची मुळं भिंतीला तडे पाडतात. मग कुणीतरी ते तोडून टाकतं. पिंपळ तोडायला लोक कचरतात, आणि तोवर भिंत फुगते! असं रोप लहान असतानाच, फट ओली करून, मुळं न तोडता अलगद काढायचं. भिंतही वाचली आणि झाडही. मात्र उंचावरचं रोप मोठ्या माणसांनीच काढावं. नाहीतर रोपवाटिकेतून आणावं.

काळी माती नको

आपल्या तापीकाठची काळी माती कपाशीला छान, पण कुंडीत ती नको. भिजली की चिखल होतो आणि वाळली की भेगा पडतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग साधी माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. विटांची भुकटी चाळून टाका, तुकडेच ठेवा. महागडी कुंडी लागत नाही. जुनं घमेलं किंवा फुटक्या माठाचा खालचा भाग चालतो. तळाला दोन-तीन भोकं मात्र हवीतच. त्यांवर मच्छरदाणीचा तुकडा ठेवला, की माती वाहून जात नाही.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं झाड घमेल्यासारख्या मोठ्या भांड्यात मोकळं वाढू द्या. खोड जाड होतं ते पानांनी बनवलेल्या अन्नामुळे. पानंच नसतील तर खोड जाड कसं होणार? खाली एखादी फांदी मुद्दाम लांब वाढू दिली, की तिच्याखालचं खोड लवकर भरतं. काम झालं, की ती फांदी कापून टाकायची. घाईघाईने लहान कुंडीत कोंबलेलं रोप काडीसारखंच राहतं.

शेंडा खुडला की काय होतं?

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शेतात तुरीचे किंवा कपाशीचे शेंडे खुडताना पाहिले असतील. का खुडतात? शेंड्याच्या कळीत 'ऑक्सिन' नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना वाढू देत नाही. वर्गातला मॉनिटर जसा सगळ्यांना "गप्प बसा" म्हणतो ना, तसंच! शेंडा काढला, की बाजूच्या कळ्या जाग्या होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात.

बोन्सायची सगळी छाटणी याच नियमावर चालते. कोवळ्या फांदीला सहा-सात पानं येऊ द्या. मग दोन-तीन पानं ठेवून बाकीची कापा. कापताना शेवटचं पान कोणत्या बाजूला आहे ते बघा, कारण नवी फांदी साधारण त्याच दिशेला निघते. उजवीकडे फांदी हवी असेल, तर उजवीकडच्या पानाच्या वर कापा. कापल्यावर चीक येईल, तो ओल्या फडक्याने टिपा. डोळ्यांना लागू देऊ नका, कामानंतर हात साबणाने धुवा.

आपल्याकडे मोठ्या छाटणीचा मुहूर्त म्हणजे जून-जुलै. शाळा उघडते, पाऊस येतो आणि झाडं जोमात असतात. भर उन्हाळ्यात कात्री लावू नका.

फांदी वळवायची असेल तर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार हलकेच गुंडाळतात. पण वड इतक्या वेगाने जाड होतो, की महिना-दीड महिन्यात तार सालीत रुतते. आठवड्याला बघायचं आणि रुतायच्या आधी तार कापून काढायची.

दर एक-दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, झाड कुंडीतून काढून मुळंही छाटतात. जाड, खाली धावणारी मुळं कापायची. केसांसारखी बारीक मुळं जपायची, कारण पाणी पितात ती हीच. एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका. मुळं कमी केली, की वरची पानंही थोडी कमी करा. मग दोन आठवडे सावलीत ठेवा.

झाडाला दुखत नाही का?

आमच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, म्हणून आपल्यासारखं दुखणं त्याला नसतं. पण जखम झाल्याचं त्याला कळतं. चीक येऊन जखम बंद होते, हा त्याचाच पुरावा. शेळ्या रोज कुरतडतात ते बोरीचं झुडूप बघा. कड्याच्या खाचेत उगवलेली पिंपरणी बघा. तीही लहानच राहतात, तरी जगतात. उपाशी ठेवून लहान केलेलं झाड मात्र बोन्साय नव्हे. चांगल्या बोन्सायला वेळेवर पाणी, खत आणि ऊन मिळतं.

जपानमधल्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ पासून सांभाळलेला एक पाइन होता. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड तिथून सुमारे तीन किलोमीटरवर होतं. उंच भिंतीआड असल्यामुळे ते वाचलं. १९७६ साली यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, त्याच अमेरिकेला! झाडाने काय सोसलंय ते वॉशिंग्टनमधल्या मंडळींना कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते बघायला गेले तेव्हा. एका झाडासाठी किती पिढ्यांनी रोज पाणी घातलं असेल, विचार करा!

पाणी कोण घालणार?

खरा प्रश्न हाच आहे. उथळ कुंडीतली माती आपल्या नंदुरबारच्या मे महिन्यात सकाळी भिजवली, तर दुपारी कोरडी. त्या दिवसांत दोनदा पाणी लागतं आणि दुपारची सावलीही. दोन दिवस विसरलात, तर दहा वर्षांचं झाड जाऊ शकतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर मुलंही जातात. मग झाडाचं काय? म्हणून एका झाडाला एकच मालक नको, तीन-चार पालक हवेत. जो गावात असेल तो पाणी घालील. परत आलेल्याला आपलं झाड हिरवंगार सापडेल. पालकांनो, सुट्टीत ही पाळी तुमच्याकडे आली, तर "कशाला हा उद्योग" म्हणू नका बरं का!

आणि पाणी घालायला खरोखर कुणीच नसेल, तर रोप कुंडीत अडकवू नका. पाऊस पडला, की ओढ्याकाठी किंवा गायरानात, घरांपासून आणि विहिरीपासून दूर, जमिनीत लावा. भोवती काट्यांचं कुंपण करा. दोन वितींचा वड झाला नाही, तरी गुरांना सावली देणारा तर होईल!

यंदा पाऊस सुरू झाला, की शाळेच्या भिंतीवर नीट नजर टाका. एखादं दोन पानांचं रोप तिथे तुमची वाट बघत असेल.