चोरघंटेचा ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा

बेळगाव-निपाणी भागात वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. वीजदाबाच्या अशा उसळीत चोरघंटेच्या पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. खरा धोका असा, की घंटा लगेच बंद पडत नाही. आतील १२ व्होल्टची बॅटरी तिला काही तास जागे ठेवते आणि मग, घर बंद करून गेलेल्यांच्या पश्चात, ती मुकी होते.

नवा ट्रान्सफॉर्मर जुन्यावरील आकडे पाहूनच घ्यावा. अनेक पॅनेलना सुमारे १६ व्होल्ट एसी लागते. तेथे १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी, निरुपयोगी. बॅटरी भरण्यासाठीच सुमारे १३.८ व्होल्ट लागतात. व्होल्ट तेवढेच हवेत, व्हीए अधिक चालते, कमी नाही. काम वीजतंत्रीने मुख्य पुरवठा बंद करून, बॅटरीची तार सोडवूनच करावे. पूर्ण उतरलेली बॅटरीही तपासून घ्यावी.